वाचकांचे प्रश्न : गुठळी आणि पांढऱ्या पेशी

रक्त गोठण्याच्या विषयावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या प्रश्नांपैकी सात या अंकात घेतले आहेत. बहुतेक पत्रांत एक समज पक्का दिसतो: गुठळीचं काम रक्त थांबवण्याचं, जंतूंशी लढायचं काम पांढऱ्या पेशींचं, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हा समज धरून जखमेकडे किंवा लॅबच्या रिपोर्टकडे पाहिलं की चूक होते, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांना जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : केळीची पिलं कापताना विळा पोटरीला लागला. दाबून धरल्यावर रक्त थांबलं, खपलीही धरली. तरी दुसऱ्या दिवशी जागा लाल झाली, सुजली, ठणकायला लागली. रक्त साकळलं म्हणजे काम संपलं ना? मग ही सूज कसली?
— केळी उत्पादक, रावेर तालुका

रक्त साकळलं तेव्हा निम्मंच काम झालं होतं. उरलेलं निम्मं म्हणजे तुम्हाला दिसलेली सूज.

कातडी कापली गेली की रक्तवाहिनीबाहेरच्या पेशींवरचं टिश्यू फॅक्टर नावाचं प्रथिन रक्ताच्या संपर्कात येतं. एरवी ते रक्ताला भेटतच नाही. तिथून साखळी सुरू होते आणि शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं. थ्रॉम्बिन म्हणजे प्रथिनं कापणारी कात्री. रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे चार छोटे तुकडे ती छाटते आणि उरलेले रेणू एकमेकांना चिकटून फायब्रिनचे धागे होतात. हे धागे आणि त्यात अडकलेल्या प्लेटलेट व लाल पेशी मिळून गुठळी बनते.

गुठळी डोळ्यांना दिसू लागते तेव्हा एकूण थ्रॉम्बिनपैकी पाच टक्क्यांहूनही कमी तयार झालेलं असतं. बाकीचं त्यानंतर तयार होतं. त्यातलं बरंचसं गुठळी घट्ट करण्यात खर्च होतं, पण काही आसपासच्या जिवंत पेशींवर काम करतं. या पेशींच्या अंगावर पीएआर नावाचे रिसेप्टर असतात. त्यातला पहिला, पीएआर-१, १९९१ साली ओळखला गेला. थ्रॉम्बिन या रिसेप्टरचं बाहेर आलेलं टोक कापतं, आणि कापल्यावर उघडं पडलेलं नवं टोक त्याच रिसेप्टरच्या खाचेत जाऊन बसतं. कुलपातच दडवून ठेवलेली किल्ली जणू सुटी व्हावी, तसं हे होतं.

रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात हा इशारा पोचला की काही मिनिटांतच त्या पेशी आपल्या पोटातल्या पुड्यांमधून पी-सिलेक्टिन हे चिकट प्रथिन पृष्ठभागावर आणतात. वाहत जाणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यावर अडखळतात, घरंगळतात, मग थांबतात. अस्तराच्या पेशी आयएल-८ सारखी रसायनंही सोडतात, ती न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना जखमेकडे ओढतात. अस्तराच्या फटी रुंदावतात, प्लाझ्मा, म्हणजे रक्ताचा पातळ भाग, बाहेर झिरपतो. हीच सूज. शिवाय गोठण्याच्याच साखळीतला फॅक्टर-१२ जागा झाला की कॅलिक्रीनमार्फत ब्रॅडिकायनिन सुटतं. तुमच्या ठणक्यात त्याचाही वाटा असतो.

पहिल्या दिवशी जखमेत न्यूट्रोफिलची गर्दी असते. दोन दिवसांनंतर मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी येतात, त्यांच्या मोठ्या भक्षक पेशी होतात आणि त्या मेलेलं, कुजलेलं उचलतात. म्हणून स्वच्छ जखमेची लाली-सूज दुसऱ्या दिवशी वाढणं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ओसरणं हा नेहमीचा क्रम.

आता हाताशी धरायच्या गोष्टी. रक्त थांबवताना स्वच्छ फडकं दहा मिनिटं सलग दाबा. दर मिनिटाला उचलून पाहिलं तर कोवळे धागे तुटतात आणि साखळी पहिल्यापासून सुरू होते. रक्त थांबल्यावर जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरा, चिखलमाती निघून जाऊ द्या. धुताना थोडं रक्त पुन्हा आलं तर पुन्हा दाबा, पण माती आत ठेवू नका. चुना, राख, शेण काहीही भरू नका. खपली नखाने काढू नका: दर वेळी नवं टिश्यू फॅक्टर उघडं पडतं, नवं थ्रॉम्बिन तयार होतं आणि सुजेची नवी फेरी सुरू होते. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा. दोन दिवसांनंतरही लाली पसरत असेल, जखमेपासून वर मांडीकडे लाल रेघ जात असेल, ताप आला असेल किंवा तुम्हाला मधुमेह असेल, तर वाट पाहू नका.

प्रश्न : फायब्रिनोजेन तर चोवीस तास रक्तात फिरत असतं. ते पांढऱ्या पेशींना चेतवत असेल तर आपल्या अंगात सतत दाह का होत नाही?
— बी. एस्सी.ची विद्यार्थिनी, अमळनेर

प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे. निरोगी माणसाच्या दर डेसिलिटर प्लाझ्मात २०० ते ४०० मिलिग्रॅम फायब्रिनोजेन असतं. एवढा साठा सतत पांढऱ्या पेशींना घासून जातो आणि काहीही घडत नाही.

कारण रेणूच्या घडणीत आहे. फायब्रिनोजेनमध्ये तीन प्रकारच्या साखळ्यांचे दोन संच असतात: आल्फा, बीटा, गॅमा. न्यूट्रोफिल, मोनोसाइट आणि भक्षक पेशींच्या अंगावर मॅक-१ नावाचा पकड घेणारा रिसेप्टर असतो, आणि तो जिथे पकडतो ती जागा गॅमा साखळीच्या शेपटाकडे, ३७७ ते ३९५ या अमिनो आम्लांच्या पट्ट्यात आहे. रेणू विरघळलेल्या अवस्थेत असतो तेव्हा हा पट्टा दुमडून झाकलेला असतो. फायब्रिनचा धागा झाला, किंवा फायब्रिनोजेन एखाद्या पृष्ठभागावर बसून पसरलं, की तो उघडा पडतो. म्हणजे प्रथिन तेच, पण त्याचा निरोप फक्त जखमेच्या जागीच वाचता येतो. ही सोय किती काटेकोर आहे पाहा: रक्तभर पसरलेल्या कच्च्या मालातून ठरावीक ठिकाणीच धोक्याची पाटी उभी राहते.

मॅक-१ ने धागा पकडला की पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी हा स्विच चालू होतो. टीएनएफ, आयएल-१ बीटा, आयएल-६ ही रसायनं तयार होतात आणि जंतू गिळायची, मारायची ताकद वाढते. आयएल-६ यकृतापर्यंत पोचलं की यकृत आणखी फायब्रिनोजेन बनवतं. चेतलेले मोनोसाइट स्वतःच्या अंगावर टिश्यू फॅक्टर आणतात आणि त्यातून आणखी थ्रॉम्बिन येतं. चक्र असं फिरत राहतं.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा उंदरांवरच्या प्रयोगातून २००४ मध्ये आला. गॅमा साखळीतली ३९० ते ३९६ ही सातच अमिनो आम्लं बदललेले उंदीर तयार केले. त्यांचं रक्त नीट गोठत होतं, प्लेटलेटही नीट चालत होत्या. बदल एवढाच की फायब्रिनोजेनला मॅक-१ ची पकड बसत नव्हती. त्यांच्या पोटाच्या पोकळीत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे जंतू सोडल्यावर त्यांना ते नेहमीच्या उंदरांसारखे साफ करता आले नाहीत. गोठण्याचं काम आणि पेशी चेतवण्याचं काम एकाच रेणूवर, पण वेगवेगळ्या जागी आहे, हे त्यातून सिद्ध झालं. सांध्यांच्या दाहाच्या प्रयोगात त्याच उंदरांना आजार सौम्य झाला. म्हणजे जंतू असताना उपयोगी पडणारी पकड जंतू नसलेल्या सांध्यात नुकसान करते. संधिवाताच्या गुडघ्यातून पाणी काढताना कधी कधी तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे निघतात, त्यांतही फायब्रिन असतं.

परीक्षेसाठी अजून एक लक्षात ठेवा. ही वाट दोन्ही बाजूंनी चालते. २००४ सालीच न्यूट्रोफिल मरताना स्वतःच्या डीएनएचं जाळं बाहेर फेकतात हे दाखवलं गेलं. त्या जाळ्यात जंतू अडकतात, आणि तेच जाळं फॅक्टर-१२ ला चेतवून गुठळी वाढवतं. या एकत्र लढाईला २०१३ पासून ‘इम्युनोथ्रॉम्बोसिस’ हे नाव रूढ झालं.

प्रश्न : मग जंतू या सगळ्याला बळी पडतात तरी कसे? ते काही उपाय करतच असतील. आमच्या प्रयोगशाळेत कोअ‍ॅग्युलेज चाचणी कधी कधी उलटसुलट येते, त्याचंही कारण सांगावं.
— सूक्ष्मजीवशास्त्राचे शिक्षक, धुळे

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा उपाय करतोच. त्याचं कोअ‍ॅग्युलेज हे प्रथिन आपल्या रक्तातल्या प्रोथ्रॉम्बिनला, म्हणजे थ्रॉम्बिनच्या कच्च्या रूपाला, चिकटतं आणि ते न कापताच त्याला कामाला लावतं. ही जोडी फायब्रिनोजेनचं फायब्रिन करते आणि जंतू स्वतःभोवती त्याची भिंत उभारतो. गळवाचा कठीण कडा म्हणजे बऱ्याच अंशी हीच भिंत. पांढऱ्या पेशी बाहेर अडतात, औषधही आत नीट पोचत नाही. म्हणून पिकलेलं गळू डॉक्टरांनी चीर देऊन मोकळं करावं लागतं, आणि म्हणूनच ते घरी पिळू नये: भिंत आतल्या बाजूने फुटली तर जंतू रक्तात जातात.

चाचणीबद्दल. ईडीटीए घातलेला सशाचा प्लाझ्मा ०.५ मि.ली. घ्या, त्यात वाढवलेले जंतू मिसळा, ३७ अंशांवर ठेवा आणि ट्यूब न हलवता, फक्त तिरकी करून चौथ्या तासापर्यंत अधूनमधून पाहा. थेट दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काही वाण स्वतःच्या स्टॅफिलोकायनेजने झालेली गुठळी विरघळवून बसलेले असतात आणि खरा ‘होय’ तुम्हाला ‘नाही’ दिसतो. चार तासांत गुठळी नसेल तरच चोवीस तासांनी पुन्हा पाहा. सायट्रेटचा प्लाझ्मा वापरलात तर उलटी चूक होते: एन्टरोकॉकससारखे जंतू सायट्रेट खाऊन टाकतात, कॅल्शियम मोकळं होतं आणि कोअ‍ॅग्युलेज नसतानाही प्लाझ्मा गोठतो. दर वेळी एक खात्रीचा होकारार्थी आणि एक नकारार्थी वाण सोबत लावा.

प्रश्न : आईचं वय ६८. न्यूमोनियातून उठली आहे. ईएसआर ६२, फायब्रिनोजेन ५८०, डी-डायमर ९०० आलं. लॅबमधल्या एकाने सांगितलं, “रक्तात गुठळ्या झाल्यात.” खरं का?
— जळगाव

या तीन आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही.

न्यूमोनियात यकृताने फायब्रिनोजेन वाढवलं. त्याचं अर्धं आयुष्य सुमारे चार दिवस, म्हणून आजार ओसरला तरी आकडा मागे रेंगाळतो. सीआरपी हे दाहात वाढणारं दुसरं प्रथिन लवकर चढतं आणि लवकर उतरतं, त्याचं अर्धं आयुष्य जेमतेम एकोणीस तास. आई बरी होते आहे का हे पाहायचं तर सीआरपी जास्त उपयोगी. ईएसआर म्हणजे लाल पेशी नळीत खाली बसण्याचा वेग, तो वाढण्याचं मुख्य कारणही फायब्रिनोजेनच: लाल पेशींमधलं एकमेकींना दूर ठेवणारं बळ ते कमी करतं, पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या रचल्या जातात आणि भराभर खाली बसतात. म्हणजे पहिले दोन आकडे ही एकाच गोष्टीची दोन मापं आहेत.

डी-डायमर हा फायब्रिन विरघळताना सुटणारा तुकडा. न्यूमोनियात फुप्फुसाच्या आत फायब्रिन तयार होतं आणि मोडतं, त्यामुळे तो वाढतोच. बाळंतपण, शस्त्रक्रिया, मार, कर्करोग, नुसतं वय यांतही वाढतो. नेहमीची मर्यादा ५००. पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणून येणारी मर्यादा धरतात, म्हणजे आईंची ६८०. ही चाचणी गुठळी ‘नाही’ हे सांगायला चांगली, ‘आहे’ हे सांगायला कच्ची. मात्र एका पायाची सूज, पोटरी दुखणं, अचानक धाप, छातीत कळ यांपैकी काही असेल तर ९०० चा आकडा बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी पायाची डॉपलर किंवा छातीचा सीटी याबद्दल डॉक्टरांना विचारा. रिपोर्टवर एककही पाहा. एफईयू आणि डीडीयू अशी दोन मोजमापं चालतात. डीडीयूचा आकडा साधारण दुप्पट केला की एफईयू होतो, आणि वरच्या मर्यादा एफईयूच्या आहेत.

फायब्रिनोजेनबाबत एक उलटी खूण सांगायलाच हवी, कारण तिथे जीव जातो. जंतुदोष रक्तभर पसरलेल्या, अत्यवस्थ पेशंटचं फायब्रिनोजेन २२० आलं तर ‘नॉर्मल’ म्हणून सोडू नये. तिथे ते ५००-६०० असायला हवं होतं. २२० म्हणजे ते खर्ची पडतंय. सोबत प्लेटलेट घसरत असतील आणि डी-डायमर चढत असेल तर गोठण्याची साखळी सैल सुटली आहे. काही तासांनी पुन्हा तपासणी करून आकडा कुठे चालला आहे ते पाहावं लागतं.

नमुन्याच्या चुकाही सांगतो. फायब्रिनोजेन निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्येच घ्यायचं. साध्या ट्यूबमधल्या सीरममध्ये ते उरतच नाही, गुठळीत गेलेलं असतं. २.७ मि.ली. रक्ताला ०.३ मि.ली. सायट्रेट, हे नऊला एक प्रमाण रेघेपर्यंत भरलं तरच राहतं. अर्धी भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि पीटी, एपीटीटी हे गोठण्याच्या वेळेचे आकडे खोटे लांबतात. ट्यूब जोराने न झटकता तीन-चार वेळा हळू उलटीसुलटी करा. आत बारीक गुठळी दिसली तर नमुना फेकून नवा घ्या. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा ईएसआरची नळी उकाड्याच्या खोलीत लावली तर आकडा फुगतो. ती १८ ते २५ अंशांत, उन्हापासून दूर, अगदी उभी हवी. तीन अंश कललेली नळीसुद्धा आकडा पुष्कळ वाढवते.

प्रश्न : सिकलसेलच्या मुलाला ताप, छातीत दुखणं, पांढऱ्या पेशी १९ हजार, पण ईएसआर फक्त ४. दाह नाही असं समजायचं का?
— आरोग्यसेविका, धडगाव

नाही. एसएस प्रकारात, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या मुलांत, कोयत्यासारख्या वाकड्या पेशींची चवड रचलीच जात नाही, म्हणून फायब्रिनोजेन कितीही वाढलं तरी ईएसआर खालीच राहतो. सातपुड्यातल्या पाड्यांवर काम करताना हा आकडा या मुलांसाठी वापरूच नका. फक्त वाहक असलेल्या, म्हणजे एएस मुलांना हे लागू नाही. एसएस मुलांत पांढऱ्या पेशी १२-१५ हजार आणि डी-डायमर वाढलेलं हे एरवीही असतं, कारण गोठण्याची साखळी आणि पांढऱ्या पेशी दोन्ही कायम अर्धवट जाग्या असतात. म्हणून मागचा रिपोर्ट शेजारी ठेवून फरक पाहा. ताप १०१ च्या वर किंवा छातीत दुखणं यांपैकी एकही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. त्यांची प्लीहा निकामी झालेली असते, जंतुदोष काही तासांत वाढतो.

प्रश्न : घोणस किंवा फुरसं चावलं की रगत पातळ होतं म्हणतात, आणि दुसरे म्हणतात गुठळ्या होतात. खरं कोणतं?
— शेतकरी, शिरपूर

दोन्ही, एकापाठोपाठ. घोणसेचं विष फॅक्टर-१० आणि फॅक्टर-५ ला थेट चेतवतं, फुरशाचं विष प्रोथ्रॉम्बिनला. रक्तभर फायब्रिनोजेनचं फायब्रिन होत जातं, ते लगेच विरघळतं, आणि साठा संपला की रक्त गोठेनासं होतं. अशा पेशंटच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, त्यावरून नुसता जंतुदोष समजून वेळ घालवू नये.

आरोग्य केंद्रात वीस मिनिटांची चाचणी होते: काचेच्या स्वच्छ, कोरड्या ट्यूबमध्ये शिरेतलं २ मि.ली. रक्त, वीस मिनिटं अजिबात न हलवता, मग एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर प्रतिविष लागतं. ट्यूब काचेचीच हवी, कारण काचेचा पृष्ठभाग फॅक्टर-१२ ला जागं करतो, प्लॅस्टिक तसं करत नाही. साबणाने धुतलेली ट्यूबही चालत नाही: साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि विनाकारण प्रतिविष दिलं जातं. प्रतिविषाच्या साधारण दहा बाटल्या शिरेतून दिल्यावर सहा तासांनी चाचणी पुन्हा करतात. यकृताला नवं फायब्रिनोजेन बनवायला तेवढा वेळ लागतो. आधी केली तर औषध लागू पडूनही ट्यूब पातळच दिसेल. चावलेल्या जागी चीर देऊ नका. ज्याचं फायब्रिनोजेन संपलंय त्याची चीर थांबत नाही.

प्रश्न : गोठणारी प्रथिनंच दाह वाढवत असतील तर रक्त पातळ करायची गोळी घेऊन सूज उतरवता येईल का? माझे वडील वॉरफेरिन घेतात, त्यातली एखादी घेतली तर?
— भुसावळ

घेऊ नका. फायब्रिन कमी करायला जावं तर रक्तस्रावाचा धोका आधी येतो, सूज उतरणं नंतर. रक्तातल्या जंतुदोषासाठी सक्रिय प्रोटीन-सी हे औषध २००१ मध्ये याच विचाराने बाजारात आलं होतं: थ्रॉम्बिनही कमी, दाहही कमी. पुढच्या मोठ्या चाचणीत जीव वाचल्याचं दिसलं नाही, आणि २०११ मध्ये ते मागे घेतलं गेलं. ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटवर काम करते, फायब्रिनवर नाही. तेवढ्या मात्रेत ती सूजही उतरवत नाही.

वॉरफेरिन यकृतात फॅक्टर-२, ७, ९, १० नीट बनू देत नाही. ते व्हिटॅमिन केच्या विरुद्ध चालतं, म्हणून वडिलांच्या ताटाकडे लक्ष हवं. हिवाळ्यात भरिताच्या पंगती सुरू झाल्या की आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप, घसरतो तो वांग्यामुळे नाही, भरितात घालायच्या कांद्याच्या पातीमुळे आणि कोथिंबिरीमुळे: शंभर ग्रॅम पातीत सुमारे २०० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के असतं. भरीत बंद करायची गरज नाही. पालेभाजी आणि पात रोज जेवढी खातात तेवढीच बाराही महिने ठेवावी. हंगामात खाणं बदललंच तर आठवड्याभरात आयएनआर तपासून घ्यावा, आणि गोळीची मात्रा डॉक्टरांनीच बदलावी. हिरड्यांतून रक्त, काळी शौच किंवा डोक्याला मार यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्यांना लगेच घेऊन जा, आणि गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.